गळावर फ्लाय कशी बांधायची: कोल्हापूरच्या नवशिक्यांसाठी

पावसाळा लागला की राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोजच्या बोलण्यात येते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे दिवस नदीवर गळ घेऊन जाण्याचे नाहीत. पाणी गढूळ असतं, प्रवाहाचा भरवसा नसतो, आणि बरेच मासे याच काळात अंडी घालायला वरच्या अंगाला चढतात. पण घरी दिवा लावून फ्लाय बांधायला शिकायचं असेल तर यापेक्षा चांगला हंगाम नाही. आषाढात बसलात तर दिवाळीच्या सुमाराला पाणी निवळेपर्यंत डबीत स्वतः बांधलेल्या, वापरण्याजोग्या फ्लाय जमलेल्या असतील.

फ्लाय म्हणजे दोरा, पिसं, लोकर, तार असल्या वस्तू गळावर बांधून केलेलं खोटं खाद्य. काही तरंगतात, काही बुडतात. कुणी किड्याचा आभास देतं, कुणी अळीचा, जळवेचा किंवा छोट्या मासळीचा. नवखा माणूस व्हिडिओ पाहतो आणि पहिल्याच दिवशी रंगीत पिसांची पाकिटं मागवतो. माझं मत याबाबत ठाम आहे: पिसं नंतर, आधी दोरा. फ्लाय सरळ पोहते, दहा माशांच्या तोंडातून निघूनही शाबूत राहते, ती दोऱ्याच्या ताणामुळे. म्हणून या लेखात दोऱ्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. पिसं, लोकर, तार हे बहुतेक सामान आपल्या जिल्ह्यातच मिळतं, तेही कुठे शोधायचं ते सांगतो.

काठीबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण तो प्रश्न हमखास येतो. शिकण्यासाठी महागडी फ्लाय रॉड आणि रीळ लागत नाही. जपानच्या डोंगराळ भागात टेंकारा नावाची पद्धत आहे: लांब लवचिक काठी, रीळ नाही, काठीच्या टोकालाच दोर बांधलेला आणि दोराच्या शेवटी फ्लाय. आपल्याकडे बंधाऱ्यावर बांबूच्या काठीने गळ टाकणाऱ्यांना हे काही नवीन नाही. गांडूळ किंवा कणकेची गोळी काढून तिथे फ्लाय लावायची, एवढाच फरक. काठी हलकी आणि शेंड्याला लवचिक असावी.

टेबलावर काय हवं

गळ धरून ठेवणारा छोटा व्हाइस ही पहिली गरज, आणि पैसे खर्च करायचेच तर इथे करा. गळ जबड्यात हलत असेल तर दोऱ्याला किती ताण दिलाय हे हाताला कधीच कळत नाही. विकत घेताना एक चाचणी करा. गळ लावून त्याच्या डोळ्यावर बोटाने खाली दाबा. गळ लवला पाहिजे, घसरता कामा नये. ज्यांची शिवाजी उद्यमनगरात ओळख आहे त्यांनी लेथवाल्याकडून करून घ्यायला हरकत नाही. घड्याळजी वापरतात तसा पिन-व्हाइस आणि तो तिरका धरून टेबलाला आवळता येईल असा दांडा, एवढंच काम आहे. जबडे मात्र कडक केलेल्या पोलादाचे हवेत. मऊ लोखंडात गळाची खाच पडते आणि महिन्याभरात पकड जाते.

दुसरी वस्तू बॉबिन होल्डर. दोन पात्यांमध्ये दोऱ्याची रिळी बसते आणि पुढच्या नळीतून दोरा बाहेर येतो. हात सोडला तरी तो स्वतःच्या वजनाने लोंबकळत राहतो आणि बांधकाम सुटत नाही. नळीचं तोंड गुळगुळीत असलं पाहिजे. तिथे जराशी धार असेल तर दोरा पुन्हा पुन्हा तुटतो आणि शिकणारा उगाच स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. सिरॅमिकची नळी मिळाली तर उत्तम.

बाकी सामान साधं आहे. टोकदार, बारीक पात्याची भरतकामाची कात्री, आणि तारेसाठी वेगळी जुनी कात्री. लाकडी मुठीत रोवलेली जाड सुई. गळाभोवती गुंडाळायच्या पिसाला हॅकल म्हणतात; त्याचं टोक धरायला हॅकल प्लायर, नाहीतर छोटा, घट्ट स्प्रिंगचा चिमटा. पारदर्शक नेलपॉलिश. संपलेल्या बॉलपेनचं निमुळतं टोक. टेबललॅम्प, आणि गळाच्या मागे उभा करायला पांढरा कागद. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बारीक दोरा स्पष्ट दिसतो. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावूनच बसा. ज्यांना लागत नाही त्यांनीही साधा चष्मा लावावा, कारण ताणलेला गळ जबड्यातून सुटला तर थेट तोंडाच्या दिशेने येतो. घरात रांगतं मूल असेल तर उठताना जमीन लोहचुंबकाने तपासा.

गळ निवडताना

गळाची दांडी, मागचा वाक, टोक, टोकामागचा काटा आणि दोर ओवायचा डोळा, एवढे भाग लक्षात ठेवा. दांडी आणि टोक यांच्यातलं अंतर म्हणजे गळाची फट. पिसांची मापं या फटीवरून घेतात. क्रमांकाची गंमत अशी की आकडा वाढतो तसा गळ लहान होतो: १२ नंबर ८ पेक्षा लहान. १ नंतर मात्र १/०, २/० असे क्रमांक लागतात आणि तिथून आकड्याबरोबर गळही मोठा होत जातो.

मासेमारीच्या दुकानात मिळणारे बरेच गळ आमिषासाठी असतात. त्यांचं टोक एका बाजूला वळवलेलं असतं किंवा डोळ्याऐवजी नुसती चपटी पट्टी असते. फ्लायसाठी ते घेऊ नका. डोळा असलेला, वरून पाहिल्यावर एका रेषेत दिसणारा गळ हवा. सुरुवातीला १२ आणि ८ हे दोनच क्रमांक पुरतात. गळ व्हाइसमध्ये लावण्याआधी चिमट्याने काटा दाबून सपाट करा. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, तुमच्या बोटात घुसला तरी सहज निघतो, आणि दाबताना ठिसूळ गळ मोडायचाच असेल तर तो बांधण्याआधीच मोडतो.

व्हाइसमध्ये गळ वाकाच्या खालच्या भागाला धरायचा आणि दांडी टेबलाला समांतर ठेवायची. टोक जबड्यात पूर्ण लपवायच्या नादात लोक गळ फार आत घालतात, मग हाताला जागा उरत नाही.

दोरा

शिवणकामाचा दोरा पिळाचा आणि जाड असतो. चार वेढ्यांतच गाठोडं होतं. फ्लायचा दोरा न पिळलेल्या सलग तंतूंचा असतो, त्यामुळे तो दांडीवर सपाट पसरतो. त्याची जाडी डेनियरमध्ये मोजतात. इचलकरंजीच्या वाचकांना हे सांगायला नको, इतरांसाठी: ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. लहान फ्लायसाठी ७० आणि मोठीसाठी १४० डेनियर घ्या. तो मिळेपर्यंत मशीन एम्ब्रॉयडरीचा सर्वात बारीक पॉलिएस्टर दोरा सरावाला चालतो.

पहिल्या बैठकीत फ्लाय बांधूच नका. गळ लावा, दोरा सुरू करा आणि तो मुद्दाम तोडा. सुरुवात अशी: डाव्या हाताने दोऱ्याचं मोकळं टोक ताणून धरा, उजव्या हातातला बॉबिन दांडीच्या वरून पलीकडे आणि खालून आपल्याकडे असा फिरवा. पाच-सहा वेढे डोळ्याच्या दिशेकडून मागे, त्या मोकळ्या टोकावरूनच द्या. टोक आपोआप दाबलं जातं, मग ते कापा. आता बॉबिन हळूहळू खाली ओढा, दोरा तुटेपर्यंत. पुन्हा सुरू करा, पुन्हा तोडा. दोरा तुटण्याच्या जरा अलीकडे किती जोर लागतो हे बोटांना समजलं की थांबा. पुढे सगळं काम त्या मर्यादेच्या जरा खालच्या ताणावर करायचं आहे. नवशिक्याच्या फ्लाय सुटतात त्या दोरा तुटेल या भीतीने सैल बांधल्यामुळे. गुजरीच्या बाजूला साज गाठवणारा पटवेकरी काम करताना कधी दिसला तर क्षणभर थांबून त्याचे हात बघा. वेढा घेताना दोरा सैल पडतच नाही. नेमकं तेच इथे हवं आहे.

मग पिळाचा प्रश्न. वेढे देता देता दोऱ्याला आपोआप पीळ बसत जातो आणि तो गोल होतो. बॉबिन लोंबकळता सोडून, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की पीळ उलगडतो आणि दोरा सपाट होतो. काट्यांच्या दिशेने फिरवला की तो दोरीसारखा टणक होतो. हे उजव्या हाताने बांधणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी दिशा उलटी धरावी. अंग गुळगुळीत करायचं तेव्हा सपाट दोरा, निसटणारी वस्तू एका जागी आवळायची तेव्हा पिळलेला. एकाच रिळीतून दोन वेगळे दोरे मिळतात, आणि हे कळल्यावर तुमच्या फ्लायचं रूप बदलतं.

तिसरी गोष्ट चिमटीचा वेढा. पीस किंवा लोकर दांडीवर ठेवून सरळ दोरा आवळला तर ती वस्तू दोऱ्याबरोबर पलीकडच्या बाजूला सरकते. उपाय असा: वस्तू आणि दांडी डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत एकत्र धरा. दोरा वर आणून चिमटीतच सैल वेढा घ्या, मग बॉबिन खाली ओढून आवळा आणि चिमटी सोडू नका. असे दोन-तीन वेढे झाल्यावरच बोटं काढा. वस्तू मुळात दांडीच्या आपल्याकडच्या अंगाला जराशी ठेवली तर सरकून ती बरोबर माथ्यावर बसते.

शेवटची गाठ, म्हणजे व्हिप फिनिश. यंत्राशिवाय ती अशी होते: दोऱ्याचा मोठा फास करा. बॉबिनकडचा दोरा दांडीला समांतर धरा आणि फासाच्या बाजूच्या दोऱ्याने त्याच्यावरून व दांडीवरून चार-पाच वेढे द्या. फासात सुई अडकवून ताण ठेवत बॉबिनकडचा दोरा ओढत जा. फास लहान होत वेढ्यांखाली शिरतो. सुई अगदी शेवटच्या क्षणी काढा आणि दोरा कापा. हे जमेपर्यंत पेनाच्या टोकाने काम चालवा: दोऱ्याची एक अढी टोकावर घ्या, टोक गळाच्या डोळ्यावर टेकवा, अढी सरकवून आवळा. असं तीनदा करा आणि वर नेलपॉलिशचा थेंब ठेवा.

एक नियम पहिल्यापासून पाळा. डोळ्यामागे, डोळ्याच्या दीडपट लांबीची जागा मोकळी ठेवायची. सगळं बांधून झालं आणि गाठ मारायला जागाच नाही, ही नवशिक्यांची सर्वात मोठी अडचण असते. डोळा भरून गेला की दोरही ओवता येत नाही.

पहिली फ्लाय: लाल अळी

नदी-तलावाच्या तळाशी, प्राणवायू कमी असलेल्या गाळात, न चावणाऱ्या डासासारख्या किड्यांच्या अळ्या राहतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल. चिलापीपासून ते बारीक मासळीपर्यंत अनेक जण त्या खातात. नवशिक्यासाठी या अळीची फ्लाय सर्वात चांगली, कारण तिच्यात दोरा आणि तार यांशिवाय काहीच नाही आणि चूक लपायला जागा नाही.

१२ नंबरचा गळ, ७० डेनियरचा लाल दोरा आणि तांब्याची बारीक तार घ्या. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याकडे ३६ गेजची इनॅमल तार मागा, ती साधारण ०.१९ मिलिमीटर जाड असते. हातभर उरलेल्या तुकड्यातही पुष्कळ फ्लाय होतात.

दोरा डोळ्यामागे सुरू करा. तार दांडीच्या आपल्याकडच्या अंगाला लावा आणि वाकापर्यंत एकाला एक चिकटून वेढे देत तिला पूर्ण बांधत न्या. तार थोड्याशाच जागेत बांधली तर तिथे उंचवटा येतो; सगळ्या लांबीत बांधली की अंग सारखं राहतं. आता बॉबिन उलटा फिरवून दोरा सपाट करा आणि पुढे-मागे जात मागे बारीक, पुढे किंचित जाड असं अंग घडवा. दोरा पुढे आणून सोडा. तार दोऱ्याच्या विरुद्ध दिशेने, सारख्या अंतरावर पाच-सहा वेढ्यांत पुढे आणा. उलट दिशेमुळे ती दोऱ्याच्या वेढ्यांमध्ये बुडत नाही आणि अंगावर वळ्या स्पष्ट दिसतात. चार घट्ट वेढ्यांनी तार दाबा आणि तिला मागे-पुढे वाकवून तोडा. कात्री लावली तर बोचरं टोक उरतं, ते पुढे दोऱ्याला कापतं. डोकं बांधा, गाठ मारा, सगळ्या अंगावर नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या. पहिला वाळल्यावरच दुसरा.

हीच फ्लाय पुन्हा पुन्हा बांधा. बिघडलेलीवरचा दोरा जुन्या ब्लेडने चिरून काढा, गळ परत वापरता येतो. ओळीने मांडलेल्या पाच फ्लायची लांबी, जाडी आणि वळ्यांमधलं अंतर सारखं दिसू लागलं की पुढे जा. त्याआधी नको.

दुसरी: लोकर आणि एक पीस

इसवी सन २०० च्या सुमाराला रोमन लेखक एलियनने मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहिलं आहे: ते गळावर लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याजवळची दोन पिसं लावतात. म्हणजे हे साहित्य अठराशे वर्षांत फारसं बदललेलं नाही. केबारी, म्हणजे टेंकाराची जपानी फ्लायही जवळपास अशीच असते, फक्त तिचं पीस पुढे झुकलेलं ठेवतात.

आपल्याकडे लोकर धनगरांकडे मिळते. घोंगडीसाठी कातरलेली दख्खनी मेंढीची काळी-तपकिरी लोकर जाडीभरडी असते, आणि तीच इथे कामाची. तिचे तंतू अंगातून बाहेर येऊन किड्याच्या पायांसारखे दिसतात, आणि एकदा भिजली की ती लगेच बुडते. चिमूटभर कोरडी लोकर विंचरून घ्या. दोऱ्याला जरासं मेण लावा आणि लोकर दोऱ्याभोवती एकाच दिशेने चोळून बारीक वात करा. वाटते त्याच्या निम्मी लोकर घ्यायची, हे हाताला पटायला वेळ लागतो.

पिसं कोंबडीवाल्याकडून. ब्रॉयलरची पिसं मऊ असतात आणि बुडणाऱ्या फ्लायला ती छान लागतात. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं कडक आणि चमकदार, ती तरंगणाऱ्या फ्लायसाठी राखून ठेवा. घरी आणताना हातमोजे घाला. कोमट पाण्यात कपड्याच्या साबणाने दोनदा धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, आणि डबा बंद करताना आत डांबराच्या गोळ्या टाका. नाहीतर पावसाळ्यात कसर लागून सगळा साठा जातो.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. ब्रिटनमधल्या जुन्या सामन माशांच्या फ्लायमध्ये रानकोंबड्याच्या मानेचं, मेणासारखा चकचकीत ठिपका असलेलं पीस फार मानाचं समजलं जायचं. तो रानकोंबडा आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि अभयारण्यातून पडलेलं पीससुद्धा उचलायचं नाही. मोर तर या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोरपिसाच्या तंतूंचं काम आपल्या काळ्या लोकरीने भागतं. कोंबडी, मेंढी, बोकड एवढ्यांवर हा सगळा छंद उभा राहतो.

आता बांधणी. ८ किंवा १२ नंबरचा गळ घ्या. पिसाच्या बुडाचा भुसा काढून टाका. उघडी दांडी डोळ्यामागे अशी बांधा की पिसाचं टोक डोळ्याच्या पुढे जाईल. तंतूंची लांबी गळाच्या फटीच्या सुमारे दुप्पट असावी. दोरा मागे वाकाजवळ न्या, त्याला लोकर चोळा आणि तो दोरा पिसाच्या जरा अलीकडेपर्यंत गुंडाळत आणा. पिसाचं टोक चिमट्यात धरा आणि डोळ्याकडून मागे, अंगाच्या दिशेने तीन वेढे द्या. खोलगट बाजू डोळ्याकडे आली पाहिजे. पहिल्या वेढ्यानंतर बघा: तंतू पुढे झुकत असतील तर बरोबर, मागे पडत असतील तर वेढा उलगडून पीस पलटवा. टोक दोऱ्याने दाबा, कापा, आणि पीस व अंग यांच्यामध्येच गाठ मारा.

पाण्यात काठीचा शेंडा हलका वर उचला आणि थांबा, पुन्हा उचला आणि थांबा. ओढ लागली की तंतू मिटतात, थांबली की उघडतात. एवढ्या हालचालीसाठीच पीस पुढे झुकवलेलं असतं.

तिसरी: वूली बगर

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ साली बांधलेली ही फ्लाय जगभर चालते, कारण ती एकाच वेळी जळू, बेडकाचं पिल्लू आणि छोटी मासळी अशी कशीही दिसते. काळा किंवा शेवाळी रंग घ्या. लांब दांडीचा ८ नंबर गळ, १४० डेनियर दोरा, ३४ गेजची तार, शेपटीसाठी फुलासारखं मऊ पीस, अंगासाठी शेनील नावाचा मखमली धागा आणि एक लांब, मऊ हॅकल पीस. शेपटीला टर्कीचं माराबू पीस वापरतात, पण कोंबडीच्या पोटाखालची भुसभुशीत पिसं एकावर एक धरूनही काम होतं.

शेपटीचं पीस आधी ओलं करा, मग त्याची खरी जाडी कळते आणि ते उडत नाही. लांबी दांडीएवढी. त्याचं बूड वाकाजवळ कापू नका, पूर्ण दांडीवर बांधत आणा. अंग सपाट राहतं. परत मागे जाऊन तार बांधा. शेनीलच्या टोकाची मखमल नखाने ओरबाडून आतला दोरा उघडा करा आणि फक्त तोच बांधा. दोरा पुढे आणा, शेनील चिकट वेढ्यांनी पुढे गुंडाळा, दाबा, कापा. हॅकल पीस बुडाकडून पुढच्या बाजूला बांधा आणि मागे नेत पाच-सहा मोकळे वेढे द्या. पीस शेपटीजवळ पोहोचलं की ते धरून ठेवून, तारेचा एक वेढा त्याच्यावरून घ्या. मग तार पुढे आणताना पिसाच्या वेढ्यांना छेद देत आणा आणि तंतू दबू नयेत म्हणून तारेला दोन्ही बाजूंना झुलवत चला. पुढे आल्यावर तार दाबून तोडा.

पीस मागून पुढे गुंडाळण्याची सोपी रीतही अनेक ठिकाणी दाखवतात. ती मला पसंत नाही. त्या रीतीत पिसाची नाजूक दांडी उघडी राहते आणि दोन माशांतच तुटते. तार वरून गेली की ती फ्लाय गळ गंजेपर्यंत टिकते.

वाहत्या पाण्यासाठी क्लाउझर

खडकाळ, वाहत्या पाण्यातल्या खडशीसाठी, म्हणजे दख्खनी महाशीरसाठी, क्लाउझर मिनो शिकून ठेवा. पेनसिल्व्हेनियाच्याच बॉब क्लाउझर यांची ही १९८० च्या दशकातली कल्पना. दांडीच्या वर जड डोळे बांधले की गळ उलटा पोहतो, टोक वर राहतं आणि दगडात अडकत नाही. डोळ्यांसाठी किचेनला असते ती मण्यांची धातूची साखळी घ्या आणि दोन मणी एकत्र कापा. दांडीच्या पुढच्या तिसऱ्या भागात ते आडवे ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरके वेढे द्या, मग मण्यांखालून गोल वेढे देऊन आवळा आणि नेलपॉलिश लावा. हरणाच्या शेपटीच्या केसांऐवजी बोकडाचे लांब केस चालतात. मण्यांच्या बाजूला पांढरे, गळ उलटा करून दुसऱ्या बाजूला गडद. केस विरळ हवेत, आरपार उजेड दिसेल इतके.

पाण्याकडे जाताना

घरी प्रत्येक फ्लाय आधी बादलीत ओढून बघा. एका अंगावर पडत असेल तर शेपटी किंवा डोळे मधोमध बसलेले नाहीत. पाण्यात आकसून काडी होत असेल तर पीस चुकीचं आहे. दहा मिनिटांत दोरा ढिला पडत असेल तर ताणाच्या सरावाकडे परत जा. वापरलेली फ्लाय ओली डबीत ठेवू नका. रात्रभर उघडी वाळवा आणि डबीत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर गळाचा गंज शेजारच्या फ्लायलाही लागतो.

पहिले प्रयोग चिलापीवर करा. ती भरपूर आहे, वर्षभर सापडते, आणि तिच्या लहान तोंडाला १२ नंबरची लाल अळी बरोबर बसते. मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागाजवळ दिसला तर तिथे फ्लाय टाकू नका. खाली आई-बाप राखणीला असतात, ते पकडले गेले की पिल्लं इतर मासे खाऊन टाकतात. खडशी लागली तर हात ओले करून, तिला पाण्याबाहेर न काढताच काटा नसलेला गळ उलटा सरकवून सोडून द्या.

धरणं आणि तलावांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. काठावर जाळी दुरुस्त करणाऱ्या माणसाला विचारलं तर संस्था कुठली, परवानगी कुणाकडे मागायची आणि यंदा मासा कोणत्या अंगाला आहे, हे सगळं तो सांगतो. अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात गळ टाकायचाच नाही, आणि नदीला वरून विसर्ग सुरू असेल त्या दिवशी बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला उतरायचं नाही.